स्वयंपाकघरातील वचन

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चुलीच्या धुराने पिवळट पडलेले भरतकामाचे एक कापड काचेच्या चौकटीत टांगलेले असे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील एक वचन त्यावर तांबड्या दोऱ्याने भरले होते. हाती येईल ते काम माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी आहे असे समजून जिवेभावे करावे, अशा अर्थाचे. कडेने निळी फुले होती. आईने ते लग्नापूर्वी, मिशनच्या शाळेत शिकत असताना भरले होते. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरास आले (२०२४ मध्ये या शहराचे नाव अहिल्यानगर झाले, माझ्या तोंडी अजून नगरच येते), तेव्हापासून शिवण, भरतकाम आणि शास्त्रवचने ही मुलींच्या हाती एकदमच पडत आली असावीत. साहित्याच्या अभ्यासकांसाठी निघणाऱ्या या पृष्ठांत अशा एका चौकटीविषयी लिहिण्याचे धाडस करते, याचे कारण एवढेच की, पुढे मी जे ग्रंथ वाचले आणि मराठी मुलखापासून दूर, उत्तरेतल्या विद्यार्थ्यांना शिकवले, त्यांतील काही प्रश्न त्या चौकटीखाली उभे राहून मला आधीच सोसावे लागले होते.

१९७२ च्या मे महिन्यात मी सतरा वर्षांची होते. तरुणांच्या एका शिबिरात शेवटच्या रात्री वक्त्यांनी विचारले की, ज्यांना आपले सारे आयुष्य देवाच्या सेवेला द्यावयाचे असेल त्यांनी उभे राहावे. मी उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढे आजी होती. ती बायबलबाई. खांद्याला पिशवी लावून चाळीस वर्षे ती खेडोपाडी पायी हिंडली होती. बायकांना वाचावयास शिकवीत, आजाऱ्यांपाशी बसत, शुभवर्तमान सांगत. देवाची सेवा म्हणजे उंबरठ्याबाहेर पडणे, हे समीकरण माझ्या मनात तिच्या पायांनीच मांडले होते. त्या वर्षाच्या अखेरीस कुठल्याशा प्रशिक्षण-संस्थेत जावयाचे, असे मी ठरवूनही टाकले होते.

शिबिराहून परतले तेव्हा आईचे संधिवाताचे दुखणे बळावले होते. जूनमध्ये तिला ओले लुगडे पिळता येईना, ऑगस्टमध्ये भाकरी थापता येईना, आणि दिवाळीच्या सुमारास ती खाटेला खिळली. वडील शाळामास्तर. थोरला भाऊ पुण्यास कॉलेजात. धाकटी दोघे शाळेत. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. घर कोणी पाहावे हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो विचारावा लागतो असे कोणास वाटलेही नाही. एके दिवशी सकाळी आजीने काथवट माझ्यापुढे सरकवली, एवढेच.

ते वर्ष दुष्काळाचे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी नगर जिल्ह्यात काढला त्यांना त्याविषयी अधिक सांगावयास नको, आणि इतरांना सांगून तो कळेल असे वाटत नाही. बाहेर माणसे खडी फोडीत होती आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळे. तिच्या पिठाला चिकी म्हणून नसे. परातीत थापलेली भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तिचे चार तुकडे होत. उकळत्या पाण्यात पीठ भिजवले तर जरा धरते, हे मला पुष्कळ दिवसांनी समजले. पहाटे सार्वजनिक नळावर रांग. मग कळशा आणणे, चूल, भाकऱ्या, आईला उठवून अंगणापलीकडच्या शौचकूपापर्यंत धरून नेणे, तिची वेणी, भावंडांचे डबे, राखेने भांडी, पोतेरे, कंदिलाच्या काचा. संध्याकाळी कौटुंबिक उपासना. त्या वेळी मी डोळे मिटले की झोपच लागे, आणि उपासनेत झोप येते याचा अर्थ देव आपल्यापासून दूर गेला, असे समजून मी रात्री रडत असे.

आमचे पाळकसाहेब भले गृहस्थ होते. ते भेटावयास आले, मिलोच्या भाकरीचे तुकडे त्यांनी तक्रार न करता खाल्ले आणि माझे सांत्वन केले. घर हेच माझे सेवाक्षेत्र आहे, असे ते म्हणाले. जाताना त्यांनी ब्रदर लॉरेन्सचे एक लहानसे इंग्रजी पुस्तक माझ्या हाती ठेवले. सतराव्या शतकातला हा लोरेनचा माणूस. मूळ नाव निकोला एर्मां. शिपाईगिरी करून, पाय अधू झाल्यावर तो पॅरिसच्या कार्मेल मठात सेवकबंधू म्हणून राहिला आणि वर्षानुवर्षे तिथल्या मुदपाकखान्यात राबला. १६९१ साली तो वारल्यावर त्याची संभाषणे व पत्रे एका धर्मगुरूने प्रसिद्ध केली. भांड्यांच्या खणखणाटातही आपण देवाच्या सान्निध्यात असतो, प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत आपणास भेद वाटत नाही, हे त्याचे सांगणे. त्या पुस्तकात मला धीर देणारी गोष्ट मात्र निराळीच सापडली. या मनुष्यास स्वयंपाकघराचा मुळात तिटकारा होता. तसे त्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. पुढे म्हातारपणी त्याच्याकडे मठातल्या पायताणांच्या दुरुस्तीचे काम आले.

तरीही मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत असे. हा मठात गेला तो आपल्या पायांनी. मला कोणी विचारले होते? शिवाय शांतपणे कांदा चिरणाऱ्या पुरुषाची लोक आख्यायिका करतात. माझ्या आईने वीस वर्षे कांदा चिरला, तिची संभाषणे लिहून घ्यावयास कोणी धर्मगुरू आला नाही.

मार्था आणि मरीया यांची कथा त्या दिवसांत मला दोन वेळा उपदेशातून ऐकावी लागली. लूकच्या दहाव्या अध्यायात मरीया प्रभूच्या पायांशी बसून ऐकते, मार्था कामाने मेटाकुटीस येते, तक्रार करते आणि तिलाच समज मिळते. उपदेशक मरीयेची स्तुती करीत आणि नंतर सर्वांसाठी चहा कोणी टाकायचा म्हणून आम्हा मुलींकडे पाहत. पुष्कळ वर्षांनी, थोडेबहुत ग्रीक शिकल्यावर, मला दिसले की मार्थेच्या कामाला लूकने 'दियाकोनिया' हा शब्द वापरला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजचे अन्न वाटण्याच्या कामाला हाच शब्द आहे आणि दोनचार ओळींच्या अंतराने वचनाच्या सेवेलाही हाच. ताट वाढणे आणि उपदेश करणे यांसाठी मूळ ग्रंथात एकच शब्द आहे. भेद नंतर आमच्या सोयीने पडला. (त्या अध्यायात पंगत पाहण्यासाठी सात पुरुष निवडले जातात. त्यांपैकी स्तेफन आणि फिलिप्प हे दोघे लगेच पुढच्या पानांवर उपदेश करताना दिसतात, हे वाचून मला हसू आले होते. पंगतीचे मग काय झाले?) मार्थेविषयी आणखी एक गोष्ट. ती चिडते, पण चिडून मागच्या दारी जात नाही. प्रभूच्या समोर येऊन त्यालाच जाब विचारते. तिला घराबाहेर काढल्याचे लूक कुठे लिहीत नाही.

परंतु हे सारे नंतरचे. १९७३ च्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी, भिंतीवरचे ते वचन मी प्रथमच पवित्र शास्त्रात उघडून वाचले. तोवर ते मला केवळ भिंतीवरचे म्हणूनच ठाऊक होते. एक ओळ वर सरकले आणि चमकले. ते वचन सर्वांना उद्देशून नाही. पत्नी, पती, मुले, बाप यांना एकेक वाक्य सांगून झाल्यावर प्रेषित दासांकडे वळतो, आणि जिवेभावे काम करण्याविषयीचे हे बोल दासांना उद्देशून आहेत. विकत घेतलेल्या माणसांना. म्हणजे आईने कुमारवयात, निळ्या फुलांच्या मधोमध, गुलामाला केलेला उपदेश भरला होता आणि लग्नानंतर तो चुलीवर टांगला होता. माझ्या मनात साचलेल्या सर्व रागाला जणू शास्त्राधार मिळाला. मी पुस्तक घेऊन आजीकडे गेले आणि जवळजवळ विजयाच्या स्वरात तिला म्हणाले, "आजी, हे गुलामांना लिहिलंय."

आजी ज्वारी निवडीत होती. बोटांनीच, कारण डोळ्यांना दिसत नव्हते. ती म्हणाली, "मग? आपल्यालाच लिवलंय की ते. सायबाच्या मडमांना लिवलंय असं वाटलं व्हय तुला?"

या उत्तराचे वजन कळण्यासाठी आजी कोण होती हे सांगावयास हवे. ती नेवासे भागातल्या एका महारवाड्यात जन्मली. तिचे वडील गावची वेठ करीत. सरकारी अंमलदाराचा तळ पडला की त्याची लाकडे फोडावयाची, रात्री-अपरात्री दुसऱ्या गावी निरोप पोहोचवावयाचा, मेलेले जनावर ओढावयाचे, आणि त्याबद्दल दारोदार फिरून भाकरी मागावयाची. तिला बलुते म्हणत. ती वतने कायद्याने गेली ती १९५८ साली. तोवर आजीची निम्म्याहून अधिक हयात सरली होती. ज्या विहिरीचे पाणी सगळा गाव पीत असे तिच्या काठावर तिला जाता येत नव्हते. अशा घरातली मुलगी मिशनच्या वसतिगृहात आली, वाचावयास शिकली. स्वतःच्या चुलीवर स्वतःच्या हाताने स्वच्छ स्वयंपाक करून कोणासही वाढता येणे, ही तिच्या आयुष्यातली पहिली मोकळीक होती. मी ज्याला कोंडवाडा म्हणत होते त्याला ती स्वतःचे घर म्हणत होती. मराठीत 'वेठ' आणि 'सेवा' हे दोन शब्द आहेत. त्यांतले अंतर मला कोशातून शिकावे लागले नाही.

ती पुढे म्हणाली, "माझा बाप पाटलाच्या दारी लाकडं फोडायचा, ते खाली बघून फोडायचा. हे वचन म्हणतंय, वर बघून फोड. पाटील काही सगळ्यात मोठा न्हाई. हे माझ्या बापाला कुणी सांगितलं असतं तर?" जरा थांबून, "आन् म्होरं वाच. धन्याला काय लिवलंय ते वाच."

पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात धन्यांना सांगितले आहे की, दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण तुमच्यावरही स्वर्गात एक धनी आहे. चौकटीत हे वाक्य नव्हते. नगरच्या कुठल्याच घरी ते भरतकामात मी पाहिले नाही.

प्रेषिताने दासांना मोकळे करा असे का म्हटले नाही, हा माझा आक्षेप त्या दिवशी फिटला नाही आणि आजही फिटलेला नाही. टीकाकारांनी त्याची जी समर्थने केली आहेत ती मी वाचली आहेत; ती बहुधा धन्याच्या बाजूला बसून केलेली वाटतात. पण आजीचे वाचन त्या बाजूचे नव्हते. जिच्या बापाने वेठ केली तिला या वचनात धन्याची मोठी खुर्ची काढून घेतलेली दिसत होती.

त्या संध्याकाळी उपासनेच्या वेळी आजीने वडिलांना तो चौथ्या अध्यायाचा आरंभ वाचावयास सांगितले. "तेवढंच वाच आज." वडिलांनी वाचले. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर कळशी जागेवर नव्हती. नळावरच्या बायकांच्या रांगेत शाळामास्तर उभे होते, आणि बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मार्टिन लूथरने १५२२ साली विवाहावर लिहिलेल्या ग्रंथात एक प्रसंग कल्पिला आहे. बाप मुलाचे मळके लंगोट धुतो, लोक त्याला बायकी म्हणून हसतात, आणि देव व सारे देवदूतही हसतात, मात्र आनंदाने. विद्यापीठात तो उतारा वाचला तेव्हा मला वडिलांचे ओले धोतर आठवले. वडिलांनी पाणी भरले ते दीडएक महिना. मग शाळेच्या परीक्षा आल्या, क्रम तुटला, आणि कळशी पुन्हा माझ्या कमरेवर आली. थोरला भाऊ नाताळात आला होता आणि नंतर उन्हाळ्यातही आला. त्याने ताटावरून उठून आपले ताट कधी उचलले नाही. त्याला ते वाचून दाखविण्याचे आजीच्याही मनात आले नाही.

येथवरचा वृत्तान्त माझ्या बाजूचा झाला. दुसरी बाजू एप्रिलमध्ये कळली.

आईला लघवीला जळजळ होऊ लागली, अंगात ताप राहू लागला. डॉक्टरांनी विचारले, पाणी किती पिता? आई म्हणाली, पुष्कळ. आजी मध्येच म्हणाली, "सकाळी पेलाभर, मग दिवे लागणीला." मला वाटले, पाण्याची टंचाई म्हणून. डॉक्टर गेल्यावर मी तसे म्हणालेही. आजीने मला परसात नेले आणि आवाज न चढविता सांगितले, "टंचाईचं नव्हं. पाणी प्यालं की उठवून न्यावं लागतं. तुझं तोंड बघून ती पाणी पीत न्हाई."

माझे काम चोख होते. आईची चादर रोज बदललेली असे, तिचे औषध घड्याळाच्या ठोक्याला दिलेले असे. मी तिला कधी उलट बोलले नाही. तिच्याजवळ तांब्या ठेवताना मात्र तो आपटला जाई. तिला धरून नेताना मी तिच्याकडे न पाहता अंगणाकडे पाहत असे. आपण हे सारे देवासाठी करीत आहोत असे मी स्वतःस इतक्या वेळा बजावले होते की, ते आईसाठीही आहे हे माझ्या लक्षातून गेले होते. माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी. वचनाचा तो पूर्वार्ध मी अक्षरशः पाळीत होते, आणि त्या उन्हाळ्याच्या दुपारी एक आजारी बाई तहान मारून पडून राहत होती, कारण तिला मुलीच्या धर्मनिष्ठेचे ओझे होत होते.

मी तांब्या घेऊन आत गेले. आई म्हणाली, "राहू दे बाळ, आत्ताच प्याले." ते खोटे होते. तिने माझ्याशी बोललेले मला आठवणारे ते एकमेव खोटे. मग मी स्वयंपाकघरातून आणखी एक पेला आणला, दोन्ही भरले, आणि खाटेवर बसून त्यांतला एक मी प्याले. तेव्हा तिने दुसरा घेतला. पुढे दुपारी आमचा तो परिपाठच झाला. दहा मिनिटे. त्या वेळात भांडी तशीच पडून राहत. ती मला वसतिगृहातल्या गोष्टी सांगे. निळ्या दोऱ्याची लड कमी पडली म्हणून एका कोपऱ्यातले फूल अर्धवट राहिले, हे तिनेच सांगितले. मी इतकी वर्षे ते पाहिले नव्हते.

दोन वर्षांनी धाकटी बहीण हाताशी आली आणि मी बाहेरून परीक्षा देऊ लागले. एम. ए.च्या वर्गात जनाबाई आली. नामदेवाच्या घरची ही गंगाखेडची पोर स्वतःला दासीच म्हणविते. तिच्या जात्याशी विठ्ठल येऊन बसतो, तिच्याबरोबर शेण्या वेचतो. आमचे प्राध्यापक त्यातील वात्सल्य उलगडून दाखवीत होते, आणि मी लॉरेन्सशी तिची तुलना करीत बसले होते. लॉरेन्स आपले काम उचलून देवाकडे नेतो. जनीकडे देवच काम करावयास येतो आणि खुंट्याला हात घालतो. ख्रिस्ती परंपरेत ही दुसरी तऱ्हा नाही असे मला क्षणभर वाटले, आणि लगेच योहानाचा शेवटचा अध्याय आठवला. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी रात्रभर जाळी ओढून दमलेले शिष्य किनाऱ्याला लागतात तो तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, बाजूला भाकर. मरणाला जिंकून आलेला प्रभू न्याहारी करून वाट पाहत बसलेला. त्याआधी त्यानेच शिष्यांचे पाय धुतले होते. तेही दासाचे काम. यावर मी पुष्कळ उपदेश ऐकले, पण तो विस्तव फुंकताना त्याच्या डोळ्यांत धूर गेला असेल असे कोणी म्हटले नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी त्याच सुमारास पुन्हा वाचली. नगरला आमच्याकडे टिळकांचे नाव आदराने आणि लक्ष्मीबाईंचे घरच्यासारखे घेतात. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. असा दरबार काढणाऱ्याच्या घरी पीठ आहे की नाही हे पाहणारे कोणीतरी असावे लागते. लक्ष्मीबाईंनी ते पाहिले, पोरकी मुले सांभाळली, टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पूर्ण केले, आणि टिळकांवर किती वेळा संतापलो तेही हातचे न राखता लिहून ठेवले. घरकामाला त्यांनी सेवेचे मोठे नाव कुठे दिलेले मला आठवत नाही. राग, हसू आणि श्रद्धा त्यांच्या घरात एकाच खोलीत राहतात. सतराव्या वर्षी ते पुस्तक कोणी मला लॉरेन्सच्या आधी दिले असते तर बरे झाले असते, असे अनेकदा मनात येते.

आई १९८१ साली गेली. चौकट माझ्याकडे आली. तिची काच प्रवासात फुटली, ती मी बदलली नाही. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा थोरल्या भावाचा नातू सहा आठवडे येऊन राहिला. मुलगा गुणी आहे. स्वयंपाक करी, भांडी घाशी, मला धरून न्हाणीघरापर्यंत नेई. त्याची कसलीशी परीक्षा जवळ आलेली, दुपारी तो दाराशी पुस्तक घेऊन बसे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आले की, उशाशी ठेवलेला पेला सकाळपासून तसाच भरलेला आहे. मी त्याला हाक मारली आणि येताना स्वतःसाठीही एक पेला घेऊन ये म्हणून सांगितले.